कोरी फीत आणि भरलेली फीत

गेल्या वर्षी माझ्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी पुण्याच्या पश्चिमेकडील गावांतील जमीनविक्री व उपजीविकेतील बदल हा विषय निवडला. सूस, म्हाळुंगे, नांदे, लवळे ही गावे तिने पायाखाली घातली. सातबाराचे उतारे मिळाले, फेरफाराच्या नोंदी मिळाल्या, जनगणनेचे तक्ते मिळाले. कोणत्या गटाची जमीन कोणत्या वर्षी कोणाकडे गेली, हे कागदावर स्पष्ट होते. परंतु जमीन विकावी की राखावी याविषयी गावकरी त्या वेळी एकमेकांशी काय बोलत होते, ग्रामसभेत कोण उठून उभा राहिला आणि कोण गप्प बसला, हे कोणत्याही कागदावर नव्हते.

तेव्हा कोणीतरी सांगितले की, परिसरातील एका केबलचालकाने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस स्वतःच्या छोट्या कॅमेऱ्याने ग्रामसभा, यात्रा, निवडणुकीचे निकाल, शाळांची स्नेहसंमेलने टिपली होती व संध्याकाळी आपल्या स्थानिक वाहिनीवर दाखविली होती. आम्ही दोघे त्यांच्या घरी गेलो. माळ्यावरून दोन गोण्या खाली आल्या. निम्म्या कॅसेटींवर पांढरी बुरशी चढली होती. उरलेल्यांपैकी बऱ्याचशांवर ‘ग्रामसभा’ हे शब्द खोडून खाली कोणाच्या तरी लग्नाची तारीख लिहिली होती. ग्रामसभा का पुसली, असे मी विचारले. ते म्हणाले, “सर, कोरी कॅसेट विकत आणावी लागायची. जुनी ग्रामसभा कोण विकत घेणार होतं?”

अर्थशास्त्राचा अध्यापक असूनही या उत्तरावर मला चटकन काही बोलता आले नाही. कारण त्यांच्या हिशेबात चूक नव्हती. कोऱ्या फितीला बाजारभाव होता, भरलेल्या फितीला नव्हता. ज्याला भाव नाही ते पुसून ज्याला भाव आहे ते मिळवावे, हा व्यवहार त्यांनी केला. दुःखाची गोष्ट अशी की, हाच व्यवहार केवळ एका गावातील केबलचालकाने केला नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या मोठमोठ्या संस्थांनीही तो वर्षानुवर्षे केला, आणि त्यात महाराष्ट्राच्या अर्धशतकाच्या दूरचित्रवाणीचा मोठा भाग नाहीसा झाला. जे उरले आहे ते तरी शास्त्रशुद्ध रीतीने जतन करून इंटरनेटवर सर्वांना खुले करावे, ही मागणी आता सुशिक्षित समाजाने स्पष्टपणे केली पाहिजे.

वरळीचे केंद्र आणि सिंहगडाचा मनोरा

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. त्या आरंभकाळात पु. ल. देशपांडे यांच्यासारखा मराठी लेखक तेथे निर्माता म्हणून काम करीत होता. दिल्लीनंतरचे दुसरे केंद्र मुंबईचे. ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढल्याच वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकाद्वारे मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. सूससारख्या गावात संच येण्यास पुढे आणखी काही वर्षे जावी लागली. माझ्या लहानपणी, ऐंशीच्या दशकात, आमच्या आळीत एकच कृष्णधवल संच होता. छपरावरील अँटेना सिंहगडाच्या दिशेने फिरवण्याचे काम आम्हा मुलांकडे असे. वर चढलेल्याने “आलं का?” म्हणून ओरडायचे आणि खाली ओसरीवर बसलेल्या तीस-चाळीस माणसांनी एका सुरात उत्तर द्यायचे, हा त्या काळच्या अनेक गावांतील अनुभव आहे.

त्या केंद्राने काय दिले, याचे विस्मरण होऊ नये. ‘आमची माती आमची माणसं’ या कार्यक्रमात शेतकरी व शेतीतज्ज्ञ समोरासमोर आले. ‘ज्ञानदीप’मधून आकाशानंद यांनी प्रेक्षकांची मंडळे गावोगाव उभी केली. ‘गजरा’, ‘किलबिल’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘कामगार विश्व’ ही नावे चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या वाचकास पाठ आहेत. स्मिता पाटील यांचा चेहरा महाराष्ट्राने प्रथम पाहिला तो चित्रपटात नव्हे, मुंबई दूरदर्शनच्या मराठी बातम्यांत. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या रूपाने घराघरांत आले ते याच केंद्रामुळे.

आणि काळ कोणता होता? केंद्र सुरू झाले तेव्हा महाराष्ट्र १९७२-७३च्या भीषण दुष्काळातून जात होता. रोजगार हमी योजना त्याच काळात आकारास आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. या घटनांवर ग्रंथ आहेत, अहवाल आहेत, वृत्तपत्रांच्या बांधीव फायली आहेत. परंतु त्या वेळच्या शेतकऱ्याची, खडी फोडणाऱ्या बाईची, गिरणगावातील कामगाराची चालती-बोलती साक्ष या केंद्राकडे किती होती आणि तिच्यातील किती उरली, हे एखाद्या विद्यार्थ्याने आज विचारले तर त्याच्या हाती देण्यासारखी सर्वांगीण सूची आपल्यापाशी नाही.

नाश कसा झाला

येथे कोणा अधिकाऱ्यास दोषी धरण्याचे कारण नाही. आरंभीच्या काळात बातम्या व कित्येक कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. ते मुद्रित होतच नसत. जे मुद्रित होई ते चुंबकीय फितीवर. ही फीत महाग, बहुतांशी परदेशातून येणारी, आणि तो काळ परकीय चलनाच्या टंचाईचा. फीत पुसून पुन्हा वापरता येते, हा तिचा मोठा गुण मानला जाई. मंजूर फितींत नवे कार्यक्रम बसवायचे तर जुने पुसण्यावाचून गत्यंतर नसे. भांडारातील नोंदवहीत फीत ही वस्तू म्हणून नोंदली जाई. तिच्यावरील मजकुराची किंमत मांडण्यासाठी त्या वहीत रकानाच नव्हता. ‘चिमणराव’सारख्या लोकप्रिय मालिकेचेही थोडेच भाग आज पाहावयास मिळतात, याचे मूळ या पद्धतीत आहे.

ही केवळ आपल्या गरिबीची कथा आहे, असेही नव्हे. ब्रिटनच्या बीबीसीने १९६०च्या दशकातील ‘डॉक्टर हू’ या गाजलेल्या मालिकेचे अनेक भाग पुसून टाकले आणि शंभराच्या आसपास भाग अद्याप सापडलेले नाहीत. १९६९ साली मानवाने चंद्रावर पाऊल ठेवले त्या दृश्याच्या मूळ संकेतांच्या फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असे अमेरिकेच्या ‘नासा’ने २००९ साली जाहीर केले. ज्या राष्ट्रास चंद्रावर जाण्यासाठी पैसा कमी पडला नाही, त्यालाही फितीची काटकसर सुचली! मग आमच्या केबलचालकास काय म्हणावे?

वाचलेल्या फितींवरही काळाची टाच आहे. चुंबकीय फितीस दमट हवा मानवत नाही, आणि मुळशीचा पाऊस तर प्रसिद्धच आहे. फीत शाबूत राहिली तरी ती वाचणारे यंत्र हवे. बीटाकॅम फितींची विक्री सोनी कंपनीने २०१६ साली बंद केली. त्याच वर्षी जगातील अखेरच्या मोठ्या उत्पादकाने घरगुती व्हीसीआर बनविणे थांबविले. सुटे भाग दुर्मिळ झाले, दुरुस्ती जाणणारे निवृत्त झाले. या अडचणींमुळेच युनेस्कोच्या एका उपक्रमाने २०१९-२०च्या सुमारास जगाला सावध केले होते की, २०२५च्या आसपास चुंबकीय फितींवरील सामग्री वाचणे व्यवहारतः अशक्य होऊ लागेल. ती मुदत आता उलटून गेली आहे. येथे दिरंगाईचा खर्च दरवर्षी वाढत जातो आणि एका टप्प्यानंतर कितीही पैसा ओतला तरी वस्तू परत मिळत नाही.

बाजार हे काम का करणार नाही

या प्रश्नाचा आर्थिक गाभा समजून घेणे आवश्यक आहे. जुन्या कार्यक्रमाची एक प्रत अंकीय रूपात तयार झाली की ती एकाने पाहिली काय आणि लाखांनी पाहिली काय, तिच्यात घट होत नाही. अर्थशास्त्र अशा वस्तूस सार्वजनिक वस्तू म्हणते. रस्त्यावरचा दिवा कोणी एक दुकानदार सर्वांसाठी लावीत नाही, तसेच हे. चार गाजलेली नाटके आणि लोकप्रिय गायकांच्या मैफली यांना बाजारात गिऱ्हाईक मिळेल. १९७८ सालच्या ज्वारीच्या बियाण्यावरील चर्चेला ते मिळणार नाही. परंतु महाराष्ट्राच्या शेतीचा इतिहास लिहिणाऱ्यास ती चर्चाच हवी असेल.

शिवाय हा माल मुळात कोणाचा? ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत संच बाळगणाऱ्यास टपाल कार्यालयात परवाना शुल्क भरावे लागे. ते पुस्तक अजूनही कित्येक घरांतील ट्रंकेत सापडेल. उरलेला खर्च करदात्याने उचलला. म्हणजे या कार्यक्रमांची किंमत प्रेक्षकाने एकदा चुकती केली आहे. त्याला स्वतःच्या खर्चाने तयार झालेली वस्तू पाहावयास मिळावी, ही मेहेरबानी नव्हे.

कागदाच्या बाबतीत आपल्या राज्यकर्त्यांनी ही दृष्टी दाखविली होती. १९५४च्या कायद्यानुसार भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व अन्य ग्रंथालयांस द्यावी लागते. चित्रपटासाठी १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून दादासाहेब फाळक्यांचे चित्रपट वाचविले. तोवर मूकपटांचा बहुतांश ठेवा नष्ट झालेला होता. पुढे २००३ साली पुण्यातच प्रभात स्टुडिओच्या आवारातील कोठारास आग लागून नायट्रेटवरील जुन्या चित्रपटांची रिळे जळाली. चित्रपटाला संग्रहालय मिळूनही ही स्थिती! दूरचित्रवाणीसाठी तर असे वैधानिक संग्रहालयच नाही. उलट उपग्रह वाहिन्यांवर नियमाने जे बंधन आहे ते प्रक्षेपित मजकूर ९० दिवस राखून ठेवण्याचे. ती तरतूद तक्रारींच्या चौकशीसाठी आहे, इतिहासासाठी नाही. एक्क्याण्णवाव्या दिवशी कायदा त्या मजकुरावरची नजर काढून घेतो.

इतरांनी काय केले

फ्रान्सने १९७५ साली दूरचित्रवाणी व आकाशवाणीच्या जतनासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था काढली, १९९२ साली पुस्तकांप्रमाणेच प्रक्षेपणाचीही प्रत जमा करणे कायद्याने बंधनकारक केले आणि २००६ साली आपला संग्रह इंटरनेटवर सामान्य नागरिकांस खुला केला. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट १९६८ पासून राष्ट्रीय वाहिन्यांच्या संध्याकाळच्या बातम्या ध्वनिचित्रमुद्रित करून त्यांची सूची बनविली. तेथीलच फिलाडेल्फिया शहरात मॅरियन स्टोक्स या पूर्वी ग्रंथपाल असलेल्या बाईंनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ साली मृत्यू येईपर्यंत स्वतःच्या घरी बातम्या मुद्रित केल्या. त्यांच्या मागे राहिलेल्या सुमारे सत्तर हजार कॅसेटी इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने स्वीकारल्या. राज्यसंस्था, विद्यापीठ आणि एकटी व्यक्ती या तिघांनाही या कामात स्थान आहे, हे या तीन उदाहरणांवरून दिसते.

आपल्याकडे काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रसार भारतीने आपला अभिलेख विभाग उभारला आहे. यूट्यूबवर जुने कार्यक्रम येतात, सह्याद्री वाहिनीही आपला जुना ठेवा दाखविते आणि लोक तो आवडीने पाहतात. तथापि दोन गोष्टींत गल्लत होऊ नये. यूट्यूबवर टाकणे म्हणजे दुकानाच्या दर्शनी काचेत माल मांडणे होय. जतन म्हणजे कोठार. परदेशी खासगी कंपनीच्या मंचावर दाबून लहान केलेली प्रत म्हणजे मूळ दस्तऐवज नव्हे, आणि त्या कंपनीच्या अटी उद्या बदलणार नाहीत याची हमी कोणी देऊ शकत नाही. उत्तम प्रतीची मूळ नक्कल दोन निरनिराळ्या ठिकाणी असली पाहिजे आणि तिची मालकी सार्वजनिक असली पाहिजे.

आक्षेपांचा विचार

शाळांना छप्पर नाही, दवाखान्यात औषध नाही आणि तुम्ही जुने कार्यक्रम कसले जपता, असा आक्षेप येईल. तो हेटाळण्यासारखा नाही. परंतु छप्पर पुढल्या वर्षी घालता येते, पुसलेली फीत पुढल्या वर्षी परत आणता येत नाही. ज्या खर्चास उद्याचा पर्याय नाही त्यास आज थोडे तरी स्थान द्यावे लागते. अंकीय साठवणुकीचा दर काही दशकांपूर्वीच्या मानाने फार उतरला आहे, हेही लक्षात घ्यावे.

दुसरा आक्षेप हक्कांचा. १९५७च्या कायद्याप्रमाणे प्रक्षेपणावरील प्रसारण संस्थेचा हक्क २५ वर्षे टिकतो. लेखक, संगीतकार, कलावंत यांचे हक्क स्वतंत्र व अधिक दीर्घ आहेत, आणि त्यांचा योग्य मोबदला बुडवून संग्रह खुला करावा, असे माझे मुळीच म्हणणे नाही. परंतु जतन करणे आणि खुले करणे या दोन निराळ्या पायऱ्या आहेत. आपल्याजवळील प्रतीची जतनासाठी अंकीय नक्कल करण्यास ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयांना २०१२च्या दुरुस्तीने मुभा दिली आहे. बातम्या, शेतीविषयक चर्चा, शैक्षणिक कार्यक्रम यांच्याबाबत हक्कांची गुंतागुंत तुलनेने कमी आहे. आरंभ तेथून करता येईल.

तिसरा आक्षेप असा की, हे पाहणार कोण? यावर माझे उत्तर एवढेच की, शंभर वर्षांपूर्वीच्या मुळशी सत्याग्रहाच्या बातम्या त्या वेळी ज्यांनी छापल्या, त्यांनी आजच्या संशोधकासाठी छापल्या नव्हत्या. परंतु अंक ग्रंथालयात राहिले म्हणून सेनापती बापटांचा आणि धरणाखाली बुडालेल्या शेतकऱ्यांचा लढा आज तपशीलवार सांगता येतो. उपयोग करणारा पुढे जन्मास येतो. वस्तू मात्र आधी राखून ठेवावी लागते.

काय करता येईल

पहिली मागणी सूचीची. कोणते कार्यक्रम, कोणत्या तारखेचे, कोणाच्या सहभागाने, कोणत्या स्वरूपात शिल्लक आहेत, याची मराठीतील यादी दूरदर्शनने इंटरनेटवर प्रसिद्ध करावी. जे नाही तेही नमूद करावे. एखादा भाग नाही असे जाहीर झाले तरच कोणा निवृत्त निर्मात्याच्या कपाटातून किंवा प्रेक्षकाच्या घरातून त्याची घरगुती प्रत पुढे येण्याचा संभव असतो. यादी करण्यास यंत्रे लागत नाहीत, माणसे लागतात.

दुसरी मागणी कायद्याची. पुस्तकांप्रमाणे प्रक्षेपणाचीही प्रत, निदान बातम्या व चर्चांची, सार्वजनिक संग्रहात जमा करण्याचे बंधन असावे. चित्रपट संग्रहालय व चित्रवाणीचे शिक्षण देणारी संस्था ज्या शहरात आहे, त्या पुण्याने यात पुढाकार घेणे स्वाभाविक आहे.

तिसरी गोष्ट आपल्या हातातील आहे. स्थानिक केबल वाहिन्यांचा इतिहास वरळीत नाही. तो माळ्यांवर आणि गोण्यांत आहे. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याखाली गावोगाव अनुदानित ग्रंथालये आहेत, महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आहेत. तालुक्यास एक चालू स्थितीतील यंत्र, एक संगणक आणि एक प्रशिक्षित कार्यकर्ता एवढ्यावर प्रत्येक तालुक्यातील कॅसेटींची गणना व नक्कल सुरू होऊ शकते. शिक्षकांनी व ग्रंथपालांनी मनावर घेतले तर यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

जून २०२१च्या अखेरीस सूस पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले आणि आमची ग्रामपंचायत संपली. यापुढे सूसमध्ये ग्रामसभा भरणार नाही. ती कशी भरत असे, लोक कोणत्या बोलीत भांडत, बायका कोठे बसत, सरपंचास कोण अडवीत असे, हे आज शाळेत असलेल्या मुलांना कोणी तरी सांगेल, पण दाखविता येईल ते एवढेच, जे त्या दोन गोण्यांत शिल्लक आहे. माझ्या विद्यार्थिनीने त्यातील सात कॅसेटी पुसून, वाळवून, मागून आणलेल्या एका जुन्या यंत्रावर चालविल्या. पाच लागल्या नाहीत. एकीवर यात्रा निघाली. सातवीवर लग्न होते, आणि लग्न संपल्यावर फितीच्या शेवटी, पुसावयाची राहून गेलेली अकरा मिनिटांची ग्रामसभा होती. पाणीपट्टीवरून वाद चालला होता. तिने ती अकरा मिनिटे लिहून काढली आणि प्रकल्पास परिशिष्ट म्हणून जोडली. सबंध प्रकल्पात माणसांचा आवाज आहे तो तेवढ्याच पानांत.

(लेखक पुण्यातील एका महाविद्यालयात अर्थशास्त्राचे अध्यापन करतात.)